महाराजांचा आड : चिल्टर्नच्या डोंगरावरचे पाच दिवस

इंग्लंडमधले पाण्याचा तुटवडा असलेले गाव पाहायला जायचे आहे, असे मी फोनवर भाचीला सांगितले तेव्हा ती बराच वेळ हसत होती. "मामा, इथे आठवड्यातले आठ दिवस पाऊस असतो," असे तिचे म्हणणे. ती आणि तिचा नवरा गेली नऊ वर्षे रेडिंगला राहतात. आमचा दीड महिन्याचा मुक्काम त्यांच्याकडेच होता. लंडन, बाथ, स्टोनहेंज अशी यादी तिने तयार ठेवली होती. मात्र माण तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी चौतीस वर्षे भूगोल शिकवला आहे, आणि टँकरची वाट पाहणारी गावे हा माझ्यासाठी केवळ पाठ्यपुस्तकातला धडा कधीच नव्हता. बनारसच्या महाराजांनी ऑक्सफर्डशायरमधल्या एका तहानलेल्या खेड्याला विहीर बांधून दिली, हे पूर्वी कधीतरी वाचल्यापासून ते गाव मनात घर करून होते. तेव्हा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझी पत्नी स्टोक रो नावाच्या त्या गावी निघालो.

दिवस पहिला : रेडिंग ते स्टोक रो

रेडिंगहून गाव जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटर उत्तरेला आहे. तेवढे अंतर कापायला आम्हाला साडेतीन तास लागले. फोनवरच्या वेळापत्रकात दाखवलेली बस आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच धावते, हे थांब्यावर तासभर उभे राहिल्यानंतर एका शाळकरी मुलाने सांगितले. अखेर टॅक्सी केली. या भागात यायचे असेल तर बस कोणत्या वारी आहे हे आदल्या दिवशी पाहून घ्यावे, आणि परतीची टॅक्सी येतानाच ठरवून टाकावी, कारण गावात उभे राहून टॅक्सी मिळत नाही आणि काही वळणांवर फोनलाही रेंज नसते.

टेम्स नदीचे खोरे मागे पडले की रस्ता चढू लागतो. चढ आपल्या घाटासारखा अंगावर येणारा नाही; डोंगर म्हणतानाही थोडा संकोच वाटावा इतका तो सौम्य आहे. साधारण दोनशे मीटर उंचीवर पठार लागते आणि बीच वृक्षांची राने दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकतात. पालवी नुकतीच फुटलेली होती. बीचचे कोवळे पान इतके पातळ असते की त्यातून ऊन गाळून खाली येते आणि खालच्या माणसाचा चेहराही किंचित हिरवट दिसतो. आपल्याकडे चैत्रात पिंपळाची पालवी तांबूस चमकते, तिची आठवण झाली, फक्त रंग वेगळा.

आम्ही उतरलो ते घर गावाच्या टोकाला होते. मालकीणबाईंनी चहा दिला, किटली कशी लावायची ते दाखवले आणि गरम पाण्याचा नळ "थोडा हट्टी" असल्याची कल्पना दिली. पाण्याशी संबंधित पहिले वाक्य एवढेच.

संध्याकाळी फिरायला बाहेर पडलो. साडेआठपर्यंत उजेड असतो, याची सवय अजून झालेली नव्हती. डोक्यावर सात-आठ मोठे पक्षी घिरट्या घालत होते. दुभंगलेली शेपटी पाहून पत्नी म्हणाली, "घारीच की या." घारीच होत्या, पण तांबूस पाठीच्या. इंग्लंडमधून ही लाल घार एकोणिसाव्या शतकाअखेर माणसाने मारून संपवली होती. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनमधून पिल्ले आणून ती चिल्टर्नमध्ये पुन्हा सोडण्यात आली, आणि आता ती इथे आपल्या गावातल्या कावळ्यांइतक्या सहजपणे वावरते. तिची शीळ मात्र केविलवाणी आहे. एवढ्या मोठ्या पक्ष्याला ती शोभत नाही.

दिवस दुसरा : विहीर

सकाळी धुके होते. रस्त्याच्या कडेने चालत असताना त्यातून आधी एक घुमट दिसला, मग घुमटाखालचे लोखंडी खांब, आणि मग खांबांच्या मधोमध सोनेरी हत्ती. एका बाजूला विटांची घरे, दुसऱ्या बाजूला कुंपण, त्यापलीकडे कुणाच्या तरी अंगणात वाळत घातलेले कपडे, आणि या सगळ्यात काशीच्या घाटावरून उचलून आणल्यासारखी ती छत्री. आम्ही दोघेही काही क्षण बोललो नाही. पत्नीने नकळत चपला काढण्यासाठी पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

विहीर म्हटली तरी आपल्या भाषेत हा आड. तोंडाचा व्यास अवघा चार फूट आणि खोली ३६८ फूट. लंडनमधल्या सेंट पॉल कॅथेड्रलची उंची ३६५ फूट आहे. ते अख्खे या भोकात सोडले तर कळसावर तीन फूट जागा उरेल, असे मी पत्नीला सांगितले आणि तिने ते कॅथेड्रल चार फुटांत कसे मावेल, असे विचारून माझी उपमा मोडीत काढली. पण खोलीचा विचार केला की छातीत धस्स होते. हा आड पूर्णपणे हाताने खणला आहे. माणदेशात विहीर पाडताना मी लहानपणी पाहिले आहे : वीस-पंचवीस हातांखाली गेलेला माणूस वरून टोपीएवढा दिसतो, त्याचा आवाज घुमून येतो, आणि वरचा माणूस पाटी ओढताना क्षणभरही दुसरीकडे पाहत नाही. इथे त्याच्या कैकपट खोल, चार फुटांच्या नळीत, मेणबत्तीच्या उजेडात ही माणसे खाली खाली जात राहिली. मार्च १८६३ मध्ये पहिली कुदळ पडली आणि २४ मे १८६४ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, विहीर गावाच्या स्वाधीन झाली. खोदाईचा खर्च ३५३ पौंड, १३ शिलिंग आणि ७ पेन्स. हिशेब शेवटच्या पेनीपर्यंत जपून ठेवला आहे.

आता काशीचा राजा आणि हे आडवळणाचे खेडे यांची गाठ पडली कशी, ते सांगतो. इथून जवळच्या इप्सडेन गावचे एडवर्ड अँडरडन रीड हे कंपनी सरकारच्या चाकरीत हिंदुस्थानात गेले आणि वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागात, मोठ्या हुद्द्यावर पोहोचले. आझमगड भागात त्यांनी १८३१ मध्ये एक विहीर खणवली होती. बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. गंगेकाठच्या प्रदेशातल्या पाणीटंचाईवर बोलणे चालले असताना रीड यांनी आपल्या लहानपणची एक गोष्ट सांगितली : चिल्टर्नच्या डोंगरावर उन्हाळ्यात पाण्याचे इतके हाल असत की घरातले उरलेसुरले पाणी पिऊन टाकले म्हणून एका पोराला आईने झोडपून काढले होते. रीड निवृत्त होऊन मायदेशी परतले. काही वर्षांनी महाराजांच्या मनात इंग्लंडात काही दानधर्म करावा असे आले, तेव्हा त्यांना तो मार खाल्लेला मुलगा आठवला.

या गोष्टीत मला सर्वांत खरा वाटतो तो मार. पाण्यासाठी आईने लेकराला मारणे हे कुणी मनाने रचून लिहीत नाही. आमच्या आळीत हंडा लवंडला म्हणून चापट खाल्लेली माणसे आज साठीत आहेत. त्यांपैकी एक हे लिहीत आहे.

पण मुळात इथे पाणी नव्हतेच का? वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही बारा महिने वाटून. याचे उत्तर जमिनीत आहे. चिल्टर्नचा डोंगर हा खडूचा आहे. फळ्यावर लिहायच्या खडूला ज्या मऊ, पांढऱ्या, सच्छिद्र दगडाचे नाव मिळाले, तोच दगड इथे शेकडो फूट जाडीचा पसरला आहे. पडलेला पाऊस स्पंजात शिरावा तसा त्यात उतरतो आणि फार खोलवर जाऊन थांबतो. माथ्यावर ओढे नाहीत, नद्या नाहीत. वर चिकणमाती आणि गारगोट्यांचा जो थर आहे त्यात खड्डे करून लोक पावसाचे पाणी साठवत. तेच गढूळ पाणी गुरांनी आणि माणसांनी प्यायचे. आपल्या काळ्या कातळावरचे पाणी मुरत नाही, वाहून जाते, म्हणून आपण कोरडे. इथले पाणी गरजेपेक्षा जास्त मुरते म्हणून हे कोरडे. चौतीस वर्षे मी "पाणी अडवा, पाणी जिरवा" फळ्यावर लिहीत आलो. ते ज्या खडूने लिहिले त्या खडूच्याच नावाचा डोंगर पाणी जिरवून बसला होता!

विहिरीशेजारी राखणदाराचे छोटेसे अष्टकोनी घर आहे, खेळण्यातले असावे तसे. रहाट फिरवणे आणि यंत्र सांभाळणे हे त्याचे काम. पोहरा खालून वर यायला दहाएक मिनिटे लागत. यंत्र जवळच्या वॉलिंगफर्डमधल्या लोहाराच्या कारखान्यात घडवलेले आहे; सोनेरी हत्ती त्यावरच बसवला आहे. पाणी गावाला फुकट मिळावे ही महाराजांची अट, आणि राखणदाराच्या खर्चाची तजवीज म्हणून मागे चार एकरांत चेरीची बाग लावली गेली. तिचे नाव 'ईश्री बाग'. बागेत बनारस संस्थानाच्या चिन्हाप्रमाणे माशाच्या आकाराचे एक तळेही खणले होते. आम्ही गेलो तेव्हा चेरीचा बहर ओसरत आला होता. गवतावर पाकळ्यांचा सडा होता आणि वाऱ्याची झुळूक आली की तो एका बाजूला सरकत होता.

बागेजवळ एक आजी कुत्र्याला फिरवत होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढचे असावे. आम्ही भारतातले आहोत हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बनारसहून आलात का, असा. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा किंचित उतरला, पण लगेच सावरून त्या बोलू लागल्या. त्यांच्या आईला लहानपणी शाळेआधी दोन बादल्या घेऊन इथे धाडत असत. पाळी लावावी लागे, आणि त्या रांगेत गावातल्या सगळ्या बातम्या समजत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, नळ आल्यावर, विहिरीचा वापर थांबला. १९६४ मध्ये शताब्दी साजरी झाली तेव्हा एलिझाबेथ राणीचे पती प्रिन्स फिलिप आले होते, आणि बनारसहून आणलेले गंगाजल समारंभपूर्वक या पाण्यात मिसळले गेले. तो दिवस आजींना आठवतो. गर्दी फार होती आणि त्यांना हत्तीखेरीज काहीच दिसले नाही.

मग त्यांनी मला विचारले, "तुमच्या गावात विहिरी किती खोल आहेत?" मी सांगितले की माझ्या आजोबांची विहीर साठ फुटांची होती आणि तिला बारमाही पाणी असे, आता सहाशे फुटांपर्यंत बोअर मारतात आणि पुष्कळदा धूळच वर येते. आजींनी तो आकडा दोनदा विचारून घेतला. कुत्र्याने पट्टा ओढला तेव्हा त्या निघाल्या.

विहीर पाहायला तिकीट नाही, वेळेचे बंधन नाही. तोंड आता बंदिस्त आहे, त्यामुळे आत डोकावून पाणी पाहण्याची आशा ठेवू नये. सकाळी लवकर जावे. दुपारी सायकलस्वारांचे थवे येतात आणि फोटोत हत्तीपेक्षा हेल्मेटेच जास्त येतात. आणखी एक, महाराजांनी ही विहीर प्रत्यक्ष कधीच पाहिली नाही. पण गावाशी त्यांनी नाते ठेवले. १८८२ मध्ये व्हिक्टोरिया राणी हल्ल्यातून बचावली तेव्हा त्यांनी इथल्या लोकांना खर्चासह मेजवानी धाडली. राणी वाचली विंडसरला, आनंद काशीला, आणि जेवले स्टोक रोचे लोक.

दिवस तिसरा : रानातून चेकेंडनपर्यंत

आजचा कार्यक्रम चालण्याचा. पश्चिमेला अर्ध्या-पाऊण तासावर चेकेंडन नावाचे गाव आहे. तिथपर्यंत रानातून पायवाट जाते. इथल्या पायवाटांबद्दल थोडे सांगायला हवे. खासगी शेतातून, कधी तर एखाद्याच्या अंगणाच्या कडेने जाणाऱ्या वाटेवरही चालण्याचा हक्क सर्वांना आहे. तो कायद्याने नोंदलेला असतो आणि नकाशावर हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेला असतो. बांध कोरला म्हणून तीन पिढ्या कोर्टात जाणाऱ्या मुलखातून आलेल्या माणसाला, दुसऱ्याच्या उभ्या गव्हातून मळलेली पाऊलवाट आणि तिच्यावरून निवांत चालणारी परकी माणसे पाहून सुरुवातीला चोरट्यासारखे वाटते. दोनदा मी मागे वळून कुणी ओरडते आहे का ते पाहिले. ऑर्डनन्स सर्व्हेचा 'एक्सप्लोरर १७१' हा नकाशा जरूर सोबत ठेवावा. त्यात प्रत्येक फाटक आणि कुंपणसुद्धा सापडते. फाटक उघडले तर पुन्हा लावावे, आणि मेंढ्यांजवळून जाताना आवाज करू नये.

रानात शिरल्यावर मात्र पुढे जाववेना. बीचच्या राखाडी खोडांमधून जिथवर नजर जाईल तिथवर जमीन निळी झालेली होती. ही ब्लूबेलची फुले. एकेक देठ घेऊन पाहिला तर फूल साधेच, घंटेसारखे, एका बाजूला मान टाकलेले. पण लाखोंनी एकत्र आली की रंगाचा धूर जमिनीलगत तरंगत असल्यासारखा वाटतो. कासचे पठार मी अनेकदा पाहिले आहे. तिथे उघड्या आभाळाखाली रंग ओरडून सांगतात. इथे झाडांच्या छायेत ते कुजबुजतात. झाडांना पूर्ण पालवी येऊन सावली दाट होण्याआधी या फुलांना आपला कारभार आटपावा लागतो, म्हणून एप्रिलचा उत्तरार्ध आणि मेची सुरुवात एवढाच त्यांचा हंगाम. वाट सोडून फुलांत बसून फोटो काढू नयेत. तुडवलेली झाडे वर्षानुवर्षे सावरत नाहीत.

याच रानात एकेकाळी खुर्च्यांचे पाय घडवणारे कारागीर झोपडी टाकून राहत. ते बीचचे ओले लाकूड तोडायचे, पायाने चालवायच्या लेथवर पाय आणि दांड्या कातायचे आणि हाय विकम या गावी पाठवायचे. तिथे खुर्च्या जोडल्या जात. या कारागिरांना 'बॉजर' म्हणत. आता त्यांच्या खुणा म्हणजे करवतीसाठी खणलेले खड्डे, पानांनी अर्धे भरलेले. पत्नीचा पाय अशाच एका खड्ड्यात गेला. तळाशी चिखल होता आणि तिचे नवे बूट घोट्यापर्यंत त्यात रुतले. ओढून काढताना बुटाने जो आवाज केला त्यावर आम्ही दोघेही खूप हसलो. कोरड्या डोंगरावरचे हे एकमेव पाणी आपल्यालाच सापडावे, असे तिचे म्हणणे. घोट्याच्या वर येणारे जलरोधक बूट हवेतच, हे आता दोघांच्याही अनुभवाने सांगतो.

चेकेंडनचे देऊळ, म्हणजे चर्च, नॉर्मन काळातले. भिंती गारगोटीच्या. खडूच्या थरांत या गारगोट्या सापडतात. बाहेरून पांढरट, फोडली की आतून काळी, काचेसारखी. या भागात दुसरा टणक दगडच नाही, म्हणून जुन्या भिंती याच गोट्या चुन्यात बसवून रचल्या आहेत. आत शिरल्यावर टोकाला अर्धगोल गाभारा आहे आणि त्याच्या भिंतीवर ख्रिस्ताच्या शिष्यांची फिकट झालेली जुनी चित्रे. चर्च रिकामे होते, दार उघडे होते. टेबलावर पाण्याचा जग, पेले आणि "वाटसरूंसाठी" अशी चिठ्ठी. पाणपोईच ती. आम्ही दोघांनीही एकेक पेला प्यालो.

परतताना ऊन होते, मग एकाएकी गारा आल्या, मग पुन्हा ऊन. हे सगळे बारा मिनिटांत. गावातल्या पबमध्ये जेवायला थांबलो, तेव्हा स्वयंपाकघर अडीचलाच बंद झाल्याचे समजले. पण बाईंनी आमच्या ओल्या डोक्यांकडे पाहून पाव, चीज आणि कांद्याचे लोणचे असे ताट वाढून आणले. लोणचे गोड आणि काळपट होते. आपण लोणचे म्हणतो तो हा पदार्थ नव्हे, पण चीजबरोबर त्याची संगत उत्तम. शाकाहारी माणसाने इथे उपाशी राहण्याचे कारण नाही. वेळ मात्र सांभाळावी. दुपारचे जेवण दोनच्या आत उरकावे, आणि रविवारी टेबल आधी राखून ठेवावे.

दिवस चौथा : डोंगराच्या पायथ्याशी, यूएल्म

शनिवारी भाची आणि जावई गाडी घेऊन आले. वाटेत नेटलबेडला थांबलो. वीटभट्टीचा जुना, बाटलीच्या आकाराचा धुराडेवजा मनोरा आता घरांच्या मधोमध एकटाच उभा आहे. पाच मिनिटांत पाहून होतो. जास्त वेळ गेला तो चीजच्या दुकानात. इथल्या दुग्धशाळेचे 'बिक्स' नावाचे मऊ चीज घातलेला, तव्यावर भाजलेला पाव जावयाने मागवला आणि मग आणखी दोन मागवले.

यूएल्म हे डोंगराच्या उत्तरेकडच्या पायथ्याचे गाव. रस्ता उतरत आला, बीचची राने संपली आणि गाडीतून उतरताक्षणी कानावर पडला तो वाहत्या पाण्याचा आवाज. रस्त्याच्या कडेने, घरांच्या पायऱ्यांखालून, कुंपणांच्या मधून नितळ पाणी धावत होते, इतके स्वच्छ की तळाचा प्रत्येक खडा मोजून घ्यावा. गावाच्या नावाचा मूळ अर्थच उसळणारा झरा असा आहे. डोंगरावर पडणारा पाऊस खडूतून गाळला जात खाली उतरतो आणि पायथ्याशी, जिथे त्याला पुढे वाट उरत नाही, तिथे फुटून बाहेर येतो. माथ्यावर ३६८ फूट खणून जे गाठावे लागले ते इथे आपण होऊन अंगणात आले होते. दोन्ही गावांमध्ये अंतर गाडीने वीस-पंचवीस मिनिटांचे.

या पाण्यावर इथे जलकुंभीसारखी दिसणारी एक पालेभाजी पिकवत. तिला वॉटरक्रेस म्हणतात. १९८८ पर्यंत ती बाजारात जात असे. आता ते वाफे निसर्गप्रेमी संस्थेने जतन केले आहेत. काठावर बसून मी हात पाण्यात घातला. मे महिना असूनही बोटे बधिर झाली. भाजीचे पान चाखून पाहिले तर मोहरीच्या कोवळ्या पानासारखे झणझणीत. पाणी जमिनीतून थेट आलेले असले तरी उपटून कच्ची भाजी खाऊ नये, असे जावयाने बजावले. तेव्हा मी आधीच खाल्ली होती.

टेकाडावरचे सेंट मेरीज चर्च, त्याला लागून वृद्धांचा आश्रम आणि खाली शाळा ही तिन्ही बांधकामे पंधराव्या शतकातली, एकाच दांपत्याने उभी केलेली : सफकचा ड्यूक विल्यम द ला पोल आणि त्याची पत्नी अॅलिस. अॅलिस ही कवी जेफ्री चॉसर याची नात. आश्रम १४३७ मध्ये तेरा गरीब माणसांसाठी स्थापन झाला. चर्चच्या पश्चिम दारातून पायऱ्या उतरल्या की विटांचा चौक लागतो, भोवती लाकडी खांबांची पडवी आणि पडवीत उघडणारी दारे. आपला वाडाच. फक्त मधोमध तुळशीवृंदावनाच्या जागी कुंड्या. तिथे आजही माणसे राहतात, म्हणून मोठ्याने बोलू नये आणि खिडक्यांतून डोकावू नये. पडवीतल्या बाकावर एक आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान न उचलता "सुंदर दिवस" एवढेच म्हटले.

अॅलिसची समाधी मी जन्मात विसरणार नाही. १४७५ मध्ये ती वारली. वर संगमरवरासारख्या शुभ्र अॅलबॅस्टर दगडात ती हात जोडून पहुडलेली आहे, भरजरी वेशात, डाव्या हाताला कोपराखाली गार्टर या सरदारी सन्मानाचा पट्टा बांधलेली. स्त्रीने हा पट्टा कुठे बांधावा असा प्रश्न व्हिक्टोरिया राणीला पडला तेव्हा ही मूर्ती पाहण्यासाठी माणूस धाडला होता, असे इथे सांगतात. पण समाधीच्या तळाशी दगडी जाळी आहे आणि जाळीआड तीच अॅलिस पुन्हा आहे : कफन बाजूला पडलेले, गाल आत गेलेले, बरगड्या मोजता येतील असे प्रेत. वर दिमाख, खाली देह.

तिथल्या स्वयंसेविका बाईंनी मला सांगितले की त्या प्रेताच्या वरच्या बाजूला, म्हणजे दगडी छताच्या आतल्या अंगाला, रंगीत चित्रे काढलेली आहेत आणि ती पाहायची तर जमिनीवर आडवे व्हावे लागते. माझ्या गुडघ्यांचा विचार न करता मी फरशीवर पाठ टेकली. फरशी थंड होती. मान तिरकी करून जाळीतून वर पाहिले तेव्हा अंधारातून हळूहळू रंग उमटले : देवदूताने मेरीला दिलेली वार्ता, आणि संतांच्या आकृती. चित्रे कुणाला दिसावीत म्हणून काढलेलीच नाहीत. ती फक्त त्या उताण्या प्रेतासाठी आहेत. पाचशेहून अधिक वर्षे ते एकटेच त्यांच्याकडे पाहत आहे. मला उठवायला जावई आणि स्वयंसेविका बाई अशी दोन माणसे लागली. भाचीने या प्रसंगाचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, आणि "मामा, चर्चमध्ये शवासन!" असे वर लिहिले.

दिवस पाचवा : परत, आणि रीजंट्स पार्क

सकाळी स्टोक रो सोडताना मालकीणबाईंनी रबर्बच्या जॅमची बाटली हातात ठेवली. टॅक्सी या वेळी आधी ठरवलेली होती आणि वेळेवर आली. रेडिंगला सामान टाकून आम्ही दुपारच्या गाडीने लंडनला गेलो, एकच गोष्ट पाहण्यासाठी. स्टोक रोच्या विहिरीनंतर इंग्लंडातल्या लोकांना पाणी देण्याची चाल इतर हिंदी धनिकांतही पडली, आणि त्यांपैकी एक दाता आपल्या मुंबईचा होता : सर कावसजी जहांगीर रेडीमनी. मुंबई विद्यापीठाचे दीक्षांत सभागृह त्यांच्या नावाचे आहे. पत्नीने पदवी घेतली ती याच सभागृहात, त्यामुळे इथे येण्याचा आग्रह तिचा होता.

रीजंट्स पार्कच्या रुंद, सरळ रस्त्यावर १८६९ साली उभारलेले हे कारंजे आहे. ब्रिटिश अमलाखाली आपल्याला आणि आपल्या पारशी बांधवांना मिळालेल्या संरक्षणाबद्दल इंग्लंडच्या जनतेला कृतज्ञतेची भेट, असे त्यावर कोरले आहे. महाराजांनी मार खाणाऱ्या पोराकडे पाहून दान दिले. शेटजींनी सरकारकडे पाहून. पत्नीला ही तुलना आवडली नाही. पाणी पिणाऱ्याला काय फरक पडतो, असे ती म्हणाली, आणि मला उत्तर सुचले नाही.

आम्ही कारंज्याभोवती फिरून प्रत्येक बाजू पाहत होतो. एका बाजूला कावसजींचा चेहरा, एका बाजूला सिंह, आणि वळून पुढे गेलो तर दगडात कोरलेला बैल. मी तिथेच थांबलो. आठवडाभर पाहिलेल्या सगळ्या इंग्रज गाईबैलांची पाठ सपाट होती. या बैलाला वशिंड होते.